दत्तूच्या पोटावरच्या फुल्या

वन्सं, आम्ही निघालो त्या दिवशी तिसगावच्या स्टँडवर माझी लता तुमच्या कडेवर होती आणि तुमचा पदर काही केल्या सोडत नव्हती. दुष्काळाचं साल. अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं, त्यामुळे निरोपाला माणसं थोडीच. यष्टी हलली तशी आत्याबाईंनी खिडकीतून एक पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. "बिब्बे हायेत. परक्या मुलखात पोराचं पोट दुखलं तर कुनाच्या दारात जाशील?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. एरवी सून म्हणून मला धारेवर धरणारी ती बाई, पण त्या दिवशी मला त्यांना सोडवेना.

तुमचे भाऊ साखर कारखान्यात टर्नर, म्हणून कॅनडात काम लागलं. तिथं उतरलो तर सगळीकडे बर्फ. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, खिडक्या कायम बंद, कुणाचा आवाज नाही. तिसगावात पाणी नव्हतं, पण बोलायला माणसं होती. इथं नळ सोडला की गरम पाणी, आणि दिवसभर बोलायचं कुणाशी तर कडेवरच्या लताशी.

थोरला दत्तू पाच वर्षांचा. शाळेत घातला आणि रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. आता कळतं, ती भीती होती. तेव्हा मला पोटदुखीवर एकच औषध ठाऊक. बिब्ब्यात सुई खुपसून शेगडीवर धरली, तेल सुटलं, आणि त्या तेलानं बेंबीभोवती फुल्या काढल्या. आपल्याकडे कुठल्या पोराच्या पोटावर नाहीत? फोड आले, ते येतातच. मी निर्धास्त होते.

शाळेत व्यायामाच्या तासाला त्यानं शर्ट काढला आणि तिथल्या नर्सनं ते पाहिलं.

दुपारी दारात दोघं उभी. तपकिरी कोटातली एक बाई, तिच्यामागे एक तरुण. हे नुकतेच पाळीवरून आले होते. बाई सावकाश बोलत होती आणि ह्यांचा चेहरा उतरत होता. शेवटी मला म्हणाले, "दत्तूला दवाखान्यात ठेवलाय. ही पोरांच्या सरकारी खात्यातली बाई म्हणते, पोराला डाग दिलेत. असल्या घरात पोर परत पाठवत नाहीत म्हणे."

तेवढ्यात बाईनं लताचं झबलं वर करून पाहिलं. मी लता ओढून घेतली, तशी ती आणखी सावध झाली. ह्यांना इंग्रजी येत होतं, कामापुरतं. बिब्ब्याला काय म्हणतात ते कुठून येणार? नुसते "मेडिसिन, मेडिसिन" करत राहिले. असं कसलं औषध, असं त्या बाईच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

मग मला राहवेना. लता ह्यांच्याकडे दिली, परक्या पुरुषासमोर निऱ्या खाली सारल्या आणि पोट उघडं केलं. माझ्या आईनं काढलेल्या फुल्या, काळ्या पडलेल्या, अजून आहेत. म्हटलं, "माय मदर." ह्यांनी स्वतःचा शर्ट वर केला. तिथं आत्याबाईंच्या फुल्या. तरुणानं मान खाली घातली. बाई वाकून बराच वेळ पाहत राहिली.

मी पुरचुंडी बरोबर घेतली आणि ती आम्हाला तिच्याच गाडीतून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी आमची दोघांची पोटं पाहिली, बिब्बा पाहिला, आपसात बोलले. तोवर आम्ही बाकावर. दत्तू काचेपलीकडे होता आणि मला आत जाऊ देत नव्हते. अंधार पडायच्या आत त्याला माझ्या हवाली केलं. पुन्हा असं केलंत तर पोर मिळणार नाही, असं बजावून. तो माझ्या कानात म्हणाला, "आई, पोट दुखत न्हाई आता. कधीच न्हाई दुखनार."

वन्सं, तेव्हा मी रडले, तशी घर सोडतानाही रडले नव्हते.

आत्याबाई होत्या तोवर प्रत्येक पत्रात विचारायच्या, बिब्बे संपले का, धाडू का. मी लिहायची, अजून आहेत. खरं काय ते त्यांना सांगवलं नाही. लताचं पोट कोरंच राहिलं. पोहायला जाताना ती भावाच्या फुल्यांवर बोट ठेवून म्हणायची, मला का नाहीत? तिला कुणी घेऊन जाऊ नये, घरी ठेवता यावं म्हणून नाहीत.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, लताच्या बाळासाठी काय पाठवू. झबली पाठवा. बिब्बे नकोत. आत्याबाईंची पुरचुंडी अजून माझ्या उशाशी आहे. मी आजही त्या पुरचुंडीलाच घर म्हणते, आणि त्या दिवसानंतर तिची गाठ मी परत सोडली नाही.