बसऱ्याचं पाणी

माझे धाकटे काका चौदा सालच्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याकडे गेले आणि तिकडेच राहिले. सरकारी कागद आला त्यात मेल्याचं तेवढं होतं, कसे ते नव्हतं. शिपाईगडी म्हणजे शस्त्रानंच मेला असणार, असं भटजींनी ठरवून टाकलं आणि पितृपंधरवड्यातल्या चतुर्दशीला त्यांचं पान वाढलं जाऊ लागलं. काकीला तिथीशी काही कर्तव्य नव्हतं. मरताना त्यांच्या तोंडात पाणी कुणी घातलं का, एवढंच तिला हवं होतं. लढाईहून परतलेला कुणीही भेटला की ती हेच विचारी.

पुढे मी महाडला मास्तर झालो आणि सुट्टीच्या दिवशी पेन्शनर शिपायांची घरं पालथी घालू लागलो. ते हिंडणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? वरंधच्या एका नाइकानं पहिल्या चहाला काकांना तोफेच्या तोंडी धाडलं; दुसऱ्या चहाला त्यांच्या हाताखाली अख्खी पलटण दिली. एवढी बढती सरकारनंसुद्धा दिली नसती. तुडीलचा हवालदार मात्र सरळ माणूस. गोळी नव्हे, तापानं गेले, म्हणाला. आजाऱ्यांच्या बोटीवर त्यांच्यापाशी पोलादपूरकडच्या महारवाड्यातला एक शिपाई होता, त्याला गाठा.

गाठला. अंगणात सुंभ वळत बसला होता. तापाचं, बोटीचं सगळं नीट सांगितलं. पाण्याचं विचारलं तसा मान खाली घालून पुन्हा सुंभ वळू लागला. मीही उठलो नाही.

"पानी मागत व्हते," तो शेवटी म्हणाला. "मी म्हनलं, तुमच्यातला कोन हाय का बघतो. तर म्हनले, आता कसली जात रे, दे. मग मीच पाजलं."

लढाईवरून परत आल्यावर हे सांगायला तो आमच्या गावच्या वेशीपर्यंत आला होता. घरचे विटाळ मानतील म्हणून तिथूनच माघारी फिरला.

महाडात त्या दिवसांत तळ्याच्या पाण्यावरून माणसं हातघाईवर आलेली. घरी हे कसं सांगायचं, ते मनात जुळवतच मी निघालो. काकी तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकून सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "थंड व्हतं का रे पानी?"

ते मी विचारलं नव्हतं. मग त्यालाच बोलाव, म्हणाली.

शस्त्रानं नव्हे, तापानं गेले म्हणून त्या वर्षी काकांचं पान चतुर्दशीवरून सर्वपित्री अमावास्येला गेलं. भटजींनी तोंड वाकडं केलं, पण दक्षिणा सरळ घेतली. तो शिपाई त्या दिवशी आला आणि अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहिला. काकी तांब्या घेऊन गेली, तशी त्यानं वरून धार घ्यायला ओंजळ पुढे केली. काकीनं धार धरली नाही. तांब्याच त्याच्या हातात दिला. ओटीवर बसलेले आमचे भाऊबंद जेवायचे थांबले.

तो पाणी प्यायला. मग तिनं विचारलं.

"बाटलीला वलं फडकं गुंडाळलेलं, बाय. थंडगार व्हतं. पोटभर प्याले."

काकी रडली, आणि रडता रडता हसलीही. मला इतकं बरं वाटलं की भाऊबंदांची नाराजी मी खुशाल पचवली. त्यांनी आठ दिवस कुजबुज केली, मग भातकापणी आली.

लढाईवरून आलेली माणसं पुढेही आमच्या दारावरून जात. काकी त्यांना बसायला सांगे, चहा देई, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करी. बसऱ्याचं तिनं परत कुणाला विचारलं नाही.