तो मासा माझ्या हातून निसटला नव्हता

परवा मुलीने मासळीला हळद-मीठ चोळले आणि त्या वासासरशी मिशिगनमधल्या त्या नदीचा गार, शेवाळलेला काठ माझ्यासमोर उभा राहिला. शरदात सॅमन मासे समुद्रासारख्या मोठ्या सरोवरातून नदीत चढतात, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या गळाला ओढ बसताच जावई धावत आला. "बाबा, रॉड माझ्याकडे द्या, पडाल!" "हात लावू नकोस," मी बजावले. खांदे भरून आले, बुटांत पाणी शिरले, तरी मासा मी एकट्याने काठाशी आणला. गळ मात्र त्याच्या तोंडात नव्हता, पाठीवरच्या परामध्ये रुतला होता. आणि असा अडकलेला मासा परत सोडायचा, हा तिथला नियम. "कोण बघतंय, बाबा? ठेवून घेऊ ना," जावई कुजबुजला. मी गळ काढला, मासा पाण्यात दोन्ही हातांनी धरला आणि त्याने शेपटी हलवताच सोडून दिला. जावई मात्र आजही प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, "बाबांच्या हातून निसटला" असे सांगून हशा मिळवतो. येत्या शनिवारच्या पॉटलकला त्याने तोंड उघडले, की मी पाहुण्यांसमोरच त्याला थांबवणार आहे, आणि मासा ठेवून घेऊ असे त्या दिवशी कोण म्हणाले होते, तेही सांगणार आहे.