नवऱ्याच्या डोक्यावरचा फेस

माझ्या नवऱ्याचे केस माझ्यापेक्षा चांगले आहेत.

हे कबूल करायला मला सहा वर्षं लागली. लग्नात माझी वेणी कमरेपर्यंत होती आणि मकरंदच्या डोक्यावर चारचौघांसारखे केस होते. मग आम्ही हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो. सईच्या जन्मानंतर माझी वेणी हळूहळू बाथरूमच्या जाळीत गेली (उरली ती उंदराची शेपटी!), आणि ह्या गृहस्थांनी घरून काम करता करता केस वाढवून त्यांचे लॉक्स करून घेतले. म्हणजे पाठीवर रुळणाऱ्या, दोरखंडासारख्या वळलेल्या जाडजूड बटा! इंडियन दुकानातल्या काकू भेंडी निवडायची सोडून त्याला विचारतात, "अय्या, खरे आहेत?" मला कोणी विचारत नाही. माझे खरे आहेत हे दिसतंच.

नुसते केस असते तर मी गिळलं असतं. पण हा पळतो! आठवड्यातून चार दिवस. मग घामाने भिजलेल्या लॉक्सची निगा राखायला ग्लोरियाकडे जातो. ग्लोरिया सुरीनामची, उंच, हसरी, आणि तिचे स्वतःचे लॉक्स गुडघ्यापर्यंत. तीन-तीन तास ती ह्याची एकेक बट बोटांनी वळत बसते आणि वर त्याला "स्खाट" म्हणते. स्खाट म्हणजे सोन्या, राजा. इथे पाववालीसुद्धा सगळ्यांना तसंच म्हणते, मला माहीत आहे. पण पाववाली त्याच्या केसांतून हात फिरवत नाही!

त्या वर्षी मकरंदला एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत पळायचं होतं. आदल्या शर्यतीत चाळीस सेकंदांनी हुकलं होतं आणि ते चाळीस सेकंद त्याच्या जिवाला लागले होते. शर्यत रविवारी. गुरुवारी म्हणाला, "शनिवारी ग्लोरियाकडे डोकं धुवून येतो."

"का? मी काय मेले आहे?"

"अगं, लॉक्स धुवायची पद्धत असते. पातळ शाम्पू, भरपूर पाणी, मग पूर्ण वाळवायचे. पावडर, तेल, काही आत अडकता कामा नये."

"मला केसांचं शिकवू नकोस! आमच्या घरात तीन पिढ्या शिकेकाईने न्हाल्यात."

तो गप्प बसला. (नवरा गप्प बसला की आपण जिंकलो, असं मी अजूनही समजते.)

शनिवारी सकाळी मी शिकेकाई, रिठा आणि आवळ्याची पावडर पिठल्याएवढी दाट कालवली आणि भरली वांगी करावीत तशी एकेक बट भरली. धुताना पाणी तपकिरी येत राहिलं. ते नितळ व्हायच्या आधी माझे हात दुखायला लागले.

"निघालं सगळं?" त्याने विचारलं.

"निघालं!" मी म्हटलं.

"डोकं जड वाटतंय गं."

"पोषण मिळालंय त्यांना!"

रविवारी बारीक पाऊस होता. पंधराव्या किलोमीटरला मी आणि सई केळं घेऊन उभ्या होतो. समोर पाण्याचं टेबल होतं, आणि तिथे नारिंगी जॅकेट घालून पेले वाटत होती ती ग्लोरिया! इथेही!! मी केळं घट्ट धरलं. तेवढ्यात सई ओरडली, "आई, बाबा इज फोमिंग!"

बघते तर काय, पावसाने रिठा जागा झाला होता! प्रत्येक पावलागणिक बटा आपटत होत्या आणि फेस उसळत होता. कपाळावरून तपकिरी ओघळ, खांद्यांवर साबणाचे ढग. एक आजोबा "ब्राव्हो!" म्हणत टाळ्या वाजवत होते, त्यांना ती वेशभूषा वाटली. मकरंदचे डोळे मिटलेले होते. लहानपणी ज्यांच्या डोळ्यांत शिकेकाई गेली आहे, त्यांना का ते सांगायला नको.

"मकरंद! डावीकडे कालवा आहे!" मी किंचाळले.

त्याने 'डावीकडे' एवढंच ऐकलं आणि तो आज्ञाधारकपणे डावीकडे वळला.

ग्लोरियाने दोन ढांगांत त्याचा दंड पकडला, क्रेटवर बसवलं आणि बाटल्यांमागून बाटल्या डोक्यावर रिकाम्या केल्या. एकेक बट पिळत तिने विचारलं, "हू डिड धिस?"

मी केळ्यामागे लपले. माझ्या पोटच्या पोरीने बोट दाखवलं. "शी डिड!"

मकरंदने लाल डोळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. मला भडभडून आलं. ह्या बाईचा हेवा करता करता मी ह्याची वर्षभराची मेहनत धुवून टाकली होती. ग्लोरियाने स्वतःच्या डोक्याची पट्टी काढून त्याच्या डोक्याला बांधली. "पळ, स्खाट!"

"पळ, सोन्या!" मीही ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दोन तास तीन मिनिटं लागली. त्यातली चार डोकं धुण्यात गेली.

आता दर वेळी मीच त्याला ग्लोरियाकडे सोडते. ती मलाही स्खाट म्हणते, त्यामुळे मी पूर्वीइतकी जळत नाही (थोडी जळते!). पावडरचं अर्धं पाकीट उरलं होतं, ते हल्ली मी वापरते. ग्लोरियाने बजावलं होतं, "भरपूर पाण्याने धू हं, आत अडकून बसतं."

माझ्या डोक्यावरून ते अर्ध्या तांब्यात निघून जातं. अडकायचं ठरवलं तरी बिचारं कशात अडकणार!