मोडका ‘श्री’
छपाईच्या शाईचा वास आला की संगमनेरचा आमचा प्रेस आठवतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही संगणकासाठी मराठी फॉन्ट घेतले आणि पहिल्याच लग्नपत्रिकेत ‘श्री’च्या जागी चौकोन उमटला. मुलीचे वडील पत्रिकांसाठी खोळंबले होते. थोरला भाऊ म्हणाला, “लोक इंटरनेटवर कंपनीला शिव्या घालत्यात, तू बी घाल.” मग सायबर कॅफेत बसून, जिथं लोक त्या फॉन्टच्या तक्रारी लिहायचे, त्या इंटरनेटवरच्या चर्चागटावर मीही इंग्रजीत राग काढला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या नावानं उत्तर आलं. माझ्या रागाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. चौकोन पडद्यावरही दिसतो की फक्त कागदावर, एवढंच विचारलं होतं. मी कळवलं, त्यांनी दुरुस्ती सांगितली आणि ‘श्री’ नीट उमटला. आता मला त्या माणसाचंच कुतूहल वाटायला लागलं. संगमनेरहून लिहितोय असं सांगून विचारलं, इतक्या शिव्या खाऊन तुम्ही शांत कसे राहता? तर रोमन अक्षरांत चक्क मराठी आलं, “मी आपल्याच जिल्ह्यातली, काष्टीची हाय. वडील बाजारात बैलं विकायचे. गिऱ्हाईक तणतणत आलं की आधी इचारायचे, बैल अडतो कुठं?” भाऊ कितीतरी वेळ हसत होता. त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अजूनही काष्टीला गेलो की बैलांच्या बाजारात मी बैल विकणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे न्याहाळत फिरतो.