आप्पांशी न मिटलेलं

चुलतभावाचा फोन सुरतला दुपारच्या पाळीत आला. "आप्पा गयात," तो म्हणाला, आणि लगेच, "तू ये, पण लोक पांगनात का मंग ये." आता महिना उलटला. भेटायला येणारे सांगतात, आप्पा देवमाणूस होते. गावासाठी असतील. मी त्यांची मुलगी म्हणून जन्मलो आणि मुलगा म्हणून जगतो, हे त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही... आणि मीही त्यांना केलेलं नाही.

तापीकाठची काळी जमीन, पपईची बाग, गावात शब्दाला वजन. दुसऱ्यांची भांडणं ते मिटवत, घरातली सुरू करत. मी केस कापले तेव्हा मला आरशासमोर उभं करून थोबाडीत मारली आणि म्हणाले, बघ, रडताना बाईच दिसस. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, "लग्न लावा, निवळेल," असं सांगितलं. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मी शर्ट-पँट घालून बसलो. मग आप्पांनी मला नंदुरबारला नव्यानं आलेल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. "हिन्हा डोकामानं भूत काढी टाका," बसता बसता ते म्हणाले.

बाई मला विचारत, उत्तर आप्पा देत. "माले इचारा. हिले काय समजस?" लहानपणापासून कसं वाटतं, या प्रश्नालाही तेच बोलू लागले, तेव्हा मी ओरडलो, "मी थकी गऊ!"

त्यांच्यासमोर पुरुषासारखं क्रियापद मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. आप्पांनी टेबलावर हात आपटला. "गई! गई म्हन!"

"गऊ."

"दादा," बाई म्हणाल्या, "त्याचं वाक्य पुरं होऊ द्या."

'त्याचं' ऐकून आप्पा ताडकन उठले. खुर्ची पडली. "लोकेसन्या पोरी बिघाडाना धंदा मांडा का?" असं म्हणून दार आपटून निघून गेले.

मी बाईंवरच उखडलो. "तुम्ही एक शब्द बोलून मोकळ्या. मार मला बसणार."

"हो, बसू शकतो," त्या म्हणाल्या. समजूत घातली नाही. "आज कुठे राहाल?"

घर सोडून कुठे राहता येतं, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. शहाद्याची मावशी आठवली. तिथूनच तिला फोन लावला, आणि त्या घरी परतलो नाही. बाईंकडे पुढे वर्षभर जात राहिलो, एकटा. जे बोललो ते त्यांच्याकडेच राहो... पण सुरतेत नोकरी धरायचं बळ त्या खोलीतून आलं.

आप्पा एकदाच मावशीकडे आले. उंबऱ्याबाहेरून, माझ्याकडे बघत मावशीला म्हणाले, "मन्ही पोर मरी गई, लोकेसले सांगी दे." पाणीही न घेता गेले. तीच शेवटची भेट.

स्मशानात अग्नी चुलतभावानं दिला. लोक पांगायची वाट न बघता मी आलो होतो, मागे उभा होतो. काका पुटपुटले, "दाढी तरी काढी येती." मी जागचा हललो नाही.

सध्या आईजवळ आहे. आप्पांचे शेतातले बूट दारातच असतात. शेतातून आले की ते पायरीवर बूट आपटून चिखल झाडत, आणि तेवढ्या आवाजानं घरातलं बोलणं थांबे. आत विंचू बसू नये म्हणून आई आता रोज सकाळी ते उचलून पायरीवर आपटते. मी चहा पिता पिता तिच्याशी काहीतरी बोलत असतो... आणि गप्प होतो.