पाच मोजेपर्यंत मूठ

आमच्या ड्राय फोर्क गावात बाईच्या हातांकडे टक लावून बघायची रीत नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात हाडं सोडवणाऱ्या बायकांना ‘हात दाखव’ असं फक्त तिथली नर्स म्हणायची, आणि ती म्हणाली की महिन्याभरात त्या बाईची जागा रिकामी व्हायची. त्यामुळे गावात हे दोन शब्द शिवीसारखे झाले होते. एखादं पोर चर्चमध्ये आजीच्या मांडीवर ओणवून म्हणालं, मुठीत काय आहे, हात दाखव ना, तर त्याची आई त्याला दंडाला धरून बाहेर नेत असे.

ओलेटा क्रायडर एकोणिसाव्या वर्षी त्या कारखान्यात लागली. मध्ये लग्न झालं, ते चौदा महिने टिकलं. नवरा ट्रक चालवायचा. तो ओक्लाहोमाला माल घेऊन गेला आणि मालाबरोबर तिथेच उतरला, असं ती सांगायची. मूलबाळ नाही. घर म्हणजे ओढ्याकाठची चाकांवरची लांबडी खोली, जिची चाकं कधीच मातीत गेली होती.

माझी आई नेल्डा तिच्या शेजारी उभी राहायची. थंड खोलीत, सरकत्या पट्ट्यावर, हातात सुरी. आई माझ्या वेळी सहा महिन्यांची गरोदर असताना तिची बोटं सुजून सुरीच्या मुठीवर बसेनात. तेव्हा ओलेटाने मुकादमाला गाठलं. “हिला पॅकिंगला टाका. नाहीतर ही कोंबडीवर ओकेल आणि मग तुमचा साहेब तुमच्यावर ओकेल. हिच्या वाटचं मी कापते.” ही बदली तीन महिन्यांसाठी होती. पुढे अठ्ठावीस वर्षं कोणी ती फिरवली नाही. आईची बोटं आज सरळ आहेत. चर्चच्या पत्रिका तीच हाताने लिहिते, वळणदार अक्षरात.

आईची कारखान्यात दुसरी पाळी असली की मी ओलेटाकडे जेवायचे. साधी पांढऱ्या घेवड्याची उसळ, मक्याची भाकर, आणि रविवारी सकाळी घरी भाजलेल्या, पावासारख्या मऊ बिस्किटांवर चॉकलेटची पातळ गरम ग्रेव्ही. ती ओतताना पातेलं दोन मनगटांत धरायची. मला वाटायचं, पातेलं असंच धरतात. शाळेत स्वयंपाकाच्या तासाला मीही तसंच धरलं आणि पोरी हसल्या.

दर तीन महिन्यांनी नर्स लाल रबरी चेंडू घेऊन यायची. चेंडू दाबायचा, ती पाचपर्यंत मोजणार, तोवर मूठ सुटता कामा नये. बायकांनी त्यावर तोड काढली होती. पहाटे हात कढत पाण्यात, मग घोड्यांना चोळतात ते मलम, तीन गोळ्या, आणि दाबताना कोपर बरगडीत रुतवायचं. म्हणजे जोर खांद्यातून येतो. पाच होतात. त्यानंतर दोन दिवस हात मिटत नाही. त्या दोन दिवसांत शेजारणी तिच्या वाटचे पक्षी कापतात. ओलेटा या चाचणीत कधी नापास झाली नाही. याचा तिला अभिमान होता. एवढाच होता, असंही म्हणता येईल.

कारखाना ऑक्टोबरमध्ये बंद झाला. फाटकावर पाटी लागली आणि तिसऱ्या दिवशी गावात बातमी आली की नवा मालक येतोय, जुन्या हातांना आधी घेणार. बातमी कोणी आणली ते कळलं नाही. पण सगळ्यांनी ती धरून ठेवली.

मी तेव्हा तालुक्याच्या धान्य-मदतीच्या कचेरीत तिसऱ्या वर्षाला होते. महिन्याच्या अन्नाचं कार्ड कोणाला मिळावं आणि कोणाचं बंद व्हावं, याचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. माझे साहेब मिस्टर प्रूइट. आदल्या वर्षी वरून तपासणीस येऊन त्यांना झाडून गेले होते, तेव्हापासून त्यांचा एकच नियम. “इथे सगळे एकमेकांच्या स्वयंपाकघरात वाढलेत. म्हणून ओळखीवर काही लिहायचं नाही. टेबलाशी जे दिसलं आणि कागदावर जे आलं, तेवढंच.”

आमच्याकडे शब्दांची एक पातळ पुस्तिका आहे. ‘धडधाकट, कोणी अवलंबून नाही’: अशा माणसाने महिन्याला ऐंशी तास काम करायचं, नाहीतर प्रशिक्षण किंवा सेवा. ज्या महिन्यात तास कमी पडतील तो महिना माफीतला. तीन वर्षांत असे तीन महिने माफ. तिसरा संपला की कार्ड बंद. ‘योग्य कारण’: तास का भरले नाहीत याचं, पुराव्यासकट. आणि ‘सूट’. म्हणजे तासांच्या अटीतून सुटका; तिला डॉक्टरचा कागद लागतो. पण त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: असमर्थता उघड डोळ्यांना दिसत असेल, तर कागदाची गरज नाही, कर्मचाऱ्याने तसं नोंदवावं.

ओलेटाला गरज होती ती या एका ओळीची. डॉक्टर चाळीस मैलांवर, आणि ती आयुष्यात हातासाठी डॉक्टरकडे गेलेली नव्हती. जाणारी बाई कारखान्यात टिकतच नसे.

ती फेब्रुवारीत आली. चर्चला जायचा निळा कोट, केस कुरळे करून घेतलेले. खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हात तिच्याखाली घातले.

“काय गं पोरी. खुर्ची छान मिळालीय तुला.”

“बसा, मिस ओलेटा. कशा आहात?”

“तुझ्या आईपेक्षा बरी. ती कशी आहे?”

“कुरकुरतेय.”

“म्हणजे ठीक आहे.”

मी प्रश्न वाचत गेले. वय त्रेपन्न. घरात एकटी. अवलंबून कोणी नाही. मग मी पुढचा प्रश्न हळू वाचला, आणि वाचताना तिच्या पर्सकडे बघितलं. “काम करण्यात अडथळा येईल असं शरीराचं काही दुखणं?”

“नाही.”

“काहीच नाही? पाठ, गुडघे... हात?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बारा वर्षांची झाले. “जोनेल, मी ठणठणीत आहे. लिही.”

मी पर्सकडे अजून थोडा वेळ बघितलं. हात बाहेर काढा, एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले नाही. मी ‘धडधाकट’ या चौकोनात खूण केली.

तासांसाठी दोन जागा होत्या. एक, वाचनालयातला टंकलेखनाचा वर्ग. दुसरी, बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरातलं धान्यवाटप. ओलेटाने तळघर निवडलं. तिथे गारठा असतो आणि सगळे हातमोजे घालतात. टंकलेखनात हात दिवसभर टेबलावर राहिले असते, आणि तो वर्ग मी दुपारी तपासायला जायचे.

फेब्रुवारीत तिचे बासष्ट तास झाले. मी फोन केला. “काही योग्य कारण होतं का, मिस ओलेटा?”

“गाडी बिघडली होती.”

“गॅरेजची पावती?”

“स्वतःच दुरुस्त केली.”

तिच्या गाडीचं बोनेट उघडायला शेजारचा म्हातारा यायचा हे मला माहीत होतं. माहीत असलेलं धरत नाहीत. मार्चमध्ये सत्तर झाले. पुन्हा गाडी. प्रूइटसाहेबांनी दोन्ही कागदांवर ‘पुरावा नाही’ असा शेरा मारला आणि म्हणाले, “त्या बाईला सांग, घोडा घे.”

एप्रिलमध्ये तिने जिवाचं रान केलं. अठ्ठावीस तारखेला चौऱ्याहत्तर तास झाले होते. सहा उरले, आणि दोन दिवस. पण पुढे मे होता, जून होता, आणि माफीतला एकच महिना शिल्लक होता. मला वाटलं, हे दर महिन्याचं मरण एकदाच संपवावं. मी तिला त्याच दिवशी बोलावलं.

ती आली आणि खोलीत घोड्याच्या मलमाचा वास आला. बोलावणं कशासाठी असेल हे तिला कळलं होतं. पर्स मांडीवर, हात खाली.

मी दार लावलं. “मिस ओलेटा, मी एक विचारणार आहे. रागवू नका.”

“मग विचारू नकोस.”

“हात दाखवा.”

बाहेर कोणीतरी झेरॉक्स मशीनवर थाप मारत होतं.

“मला नुसतं बघायचंय. मी बघितलं की झालं. डॉक्टर नको, काही नको. मी एक ओळ लिहीन, तास माफ, कार्ड चालू राहील. उद्या तळघरात जायलाही नको.”

“काय लिहिशील?”

“असमर्थ.”

“असं.” ती थोडं हसली. “आणि नवा मालक आला की तो कागद बघेल.”

“आमचे कागद कारखान्यात जात नाहीत.”

“पोरी, या गावात माझ्या नवऱ्याने ओक्लाहोमात केलेलं लग्न मला कळायच्या आधी पोस्टात कळलं होतं. तू मला कागद कुठे जातात ते सांगू नकोस.” मग ती पुढे सरकली. “चेंडू आहे का?”

“चेंडू कशाला?”

“नाही ना. मग तुझा हात दे.”

मी दिला. तिने उजवा हात पर्सखालून काढला, पण मला दिसायच्या आत माझी बोटं तिच्या मुठीत होती. कोपर बरगडीत गेलं. “मोज,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मिस ओलेटा, सोडा.”

“मोज म्हणते ना.”

मी मोजलं. एक. दोन. तिची नजर माझ्या मागच्या कॅलेंडरवर होती. तीन. वरच्या ओठावर घाम आला. चारला दार उघडलं आणि प्रूइटसाहेबांनी आत डोकं घातलं. पाच. तिने मूठ सोडली आणि हात पर्सखाली गेला. माझ्या बोटांवर पांढरे वळ होते.

“कोणाची ताकद बघताय?” साहेब म्हणाले.

“ही विचारत होती मी काम करू शकते का,” ओलेटा म्हणाली.

साहेबांनी माझ्या बोटांकडे बघितलं. “मला विचारशील तर करू शकतात.” ते हसत गेले. टेबलाशी जे दिसलं ते आता दोघांनी बघितलं होतं. मी लिहिलं: पकड मजबूत.

एकोणतीस तारखेला ती तळघरात गेली. हात मिटत नव्हते. बाटलीतल्या लोणच्याचं खोकं दोन मनगटांवर घेऊन ती जिना उतरत होती, ते सुटलं. चर्चच्या बाईंनी काचा झाडल्या आणि तिला घरी पाठवलं. तीस तारखेला तिला दाराची मूठच फिरवता आली नाही, असं मला नंतर कळलं. तळघरात तिच्या वाटचे पक्षी कापणारी शेजारीण नव्हती. चौऱ्याहत्तरचे चौऱ्याहत्तरच राहिले. कार्ड बंद झाल्याचं पत्र माझ्या सहीने गेलं.

मी घरी आले तेव्हा आई ओट्याशी उभी होती. मला वाटलं तिला पत्राचा राग आला असेल.

“तू तिला हात दाखव म्हणालीस?”

“मला कार्ड वाचवायचं होतं, मॉमा.”

“ओलेटाला. म्हणालीस.”

“तू सांग ना तिला. तुझं ऐकेल. अर्जावर एक खूण करायचीय, काम करू शकत नाही म्हणून, आणि एकदा टेबलावर हात ठेवायचेत.”

आईने आपले सरळ, धड हात फडक्याला पुसले. “मी सांगू तिला? मी?”

जूनमधल्या एका शनिवारी मी किराण्याच्या दुकानात रांगेत होते आणि पुढे ओलेटा होती. पट्ट्यावर पीठ, अंडी, घेवडा, कोकोचा एक डबा. तिने जुनं कार्ड घासलं. कधीकधी वरची चूक असते, आपोआप चालू होतं, असं लोक म्हणतात. यंत्राने नाही म्हटलं. तिने परत घासलं. काउंटरवरच्या पोरीने हळूच विचारलं, “दुसरं कार्ड आहे, मॅम?”

“नाही, राजा. मी ठेवते परत.”

वरचा दिवा पांढरा लख्ख होता. तिने दोन्ही हात बाहेर काढले आणि एकेक वस्तू मनगटांच्या चिमट्यात धरून उचलली. मी ते हात पहिल्यांदा नीट बघितले. अंगठे आत वळून तळव्याला चिकटलेले, करंगळीजवळची दोन बोटं वाळक्या शेंगांसारखी आखडलेली. पिठाची पिशवी छातीशी धरून ती वळली आणि मी दिसले.

“काय गं पोरी. आई बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“सांग तिला, विचारलं म्हणून.” ती पिठाच्या रांगेकडे गेली.

तो शनिवार होता, आणि ते टेबल नव्हतं. सोमवारी मी साहेबांना विचारलं. “किराण्याच्या दुकानात काय, नदीवर काय, टेबलाबाहेर बघितलेलं धरायचं नाही,” ते म्हणाले. “नवा अर्ज मागव. काम होत नाही असं तिने लिहून दिलं तर तेवढ्यावर घेतो, माझी हरकत नाही.” मी तासाभरात अर्ज पोस्टात टाकला. काय भरायचं त्या चौकोनाला पेन्सिलने बारीक गोल केला आणि खाली लिहिलं, इथे फक्त ‘नाही’.

अर्ज आठ दिवसांनी आला. नाव, पत्ता, वय. काम करू शकता का? त्यापुढे ‘होय’, आणि माझा पेन्सिलचा गोल खोडून टाकलेला. सहीच्या जागी ओलेटाची वेडीवाकडी रेघ होती. बाकी सगळं वळणदार, सुबक अक्षरात होतं, चर्चच्या पत्रिकांवर असतं तसं.

मी ते अक्षर ओळखलं. ओळखीवर काही लिहायचं नसतं. मी अर्जावर नामंजूरचा शिक्का मारला, तारीख घातली आणि घरी गेले. आईने ताट वाढून ठेवलं होतं.