अँटेनावरची गुढी

आमच्या घरात नवरा-बायकोची भांडणं कमी आणि सासरे-जावयाची जास्त, तीही अँटेनावरून! कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण हुबळीच्या देशपांडे नगरातल्या आमच्या गच्चीवर कित्येक महिने हेच चाललं होतं, आणि मला त्याचं हसूही येत नव्हतं. कारण त्या अँटेनावर माझ्या वडिलांचा जीव अवलंबून होता.

अप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि कलघटगीच्या पलीकडे शेतावर राहायला गेले. आई गेलेली, त्यामुळे एकटेच. एकदा हार्ट अटॅक येऊन गेला तरी हट्ट काही सुटला नाही. "पुन्हा छातीत दुखलं तर दोन-तीन तासांत हुबळीला आणा, नंतर माझ्या हातात काही नाही," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. आणायचं खरं, पण कळणार कसं? टेलिफोनची तार पावसात पडली ती पडलीच. शहरात ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, शेतावर मात्र रेंजचं नाव नाही. मग माझ्या नवऱ्याने दोन सीबी रेडिओ सेट आणले, तारेवाचून थेट एकमेकांशी बोलायचे. एवढ्या छोट्या सेटांना तेव्हा परवाना लागेनासा झाला होता. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, असं तीन वेळा बोलायचं. ओळीने दोन वेळा अप्पांचा आवाज आला नाही तर गाडी काढायची, असं ठरलं.

आमच्या गच्चीवरचा पहिला अँटेना अप्पांच्या पसंतीचा, पाव लहरीचा, म्हणजे रेडिओलहरीच्या पाव लांबीचा. मधे नऊ फूट उभी तार आणि तिच्या बुडापासून चार दिशांना उतरत्या ताणलेल्या चार तारा. त्या ताणायला बांबूचे तुकडे हवे होते, तर आमच्या नवरोबांनी मला न विचारता माझी गुढीची काठी कापली! पंधरा वर्षं जपलेली काठी हो! पापड वाळत घालायला जागा उरली नाही, ओले टॉवेल तारांत अडकायला लागले. आणि एवढं करून अप्पांचा आवाज भजी तळल्यासारख्या चरचरीतून यायचा. कधी यायचा, कधी नाही. नाही आला की पुढच्या वेळेपर्यंत माझ्या तोंडात घास फिरायचा.

"ते चार तारांचे पाय नकोतच," नवरा म्हणाला. त्याने एक लांबलचक बांबू आणून बुडापासून शेंड्यापर्यंत एकच तांब्याची तार बांधली. खाली प्लास्टिकच्या डबीत तारेचं वेटोळं, झालं. हा अर्ध्या लहरीचा. आवाज वर आभाळात उधळत नाही, जमिनीलगत लांब जातो, असं त्याचं म्हणणं. बांबूला खाली बिजागरी होती, दोरी सोडली की तो आडवा व्हायचा.

"जावईबापू, पाय नसलेला माणूस उभा राहतो का?" अप्पा सेटवरून ओरडले. "याचं सगळं मर्म शेंड्याला. तिथे कावळा बसला तरी बिघडेल!"

"आमच्याकडचे कावळे शहाणे आहेत, अप्पा."

मग आठवडाभर परीक्षा झाली. एकदा हा अँटेना जोडायचा, एकदा तो. अप्पा शेवटी मास्तरच, वहीत दहापैकी गुण लिहायचे. चार पायांच्याला चार, पाच, एकदा तर तीन. अर्ध्या लहरीच्याला आठाच्या खाली नाहीत. शेवटच्या दिवशी नऊ दिले आणि वर म्हणाले, "कॉपी केली असणार." चार पायांचा गच्चीच्या कोपऱ्यात गेला. मला त्यानंतर कुठे सुखाची झोप लागायला लागली.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी अप्पांकडे गाऱ्हाणं केलं. "माझी काठी तुमच्या जावयाने कापली. उद्या गुढी त्याच्या अँटेनावरच उभारते, बघाच तुम्ही!" अप्पा खो खो हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मलाही बोलताना थट्टाच वाटली होती.

पण सकाळी दुसरी काठी आणायची कुठून? नवरा त्याच्या आईला आणायला गाडी घेऊन धारवाडला गेलेला. मी दोरी सोडून बांबू आडवा केला, शेंड्याला जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधली, वर तांब्या पालथा घातला. गुढी झकास उभी राहिली. अप्पांना दीर्घायुष्य दे, म्हणून हात जोडले.

आठ वाजता सेट लावला. नुसती खरखर. सणाचा दिवस, अप्पा पूजेत असतील, म्हटलं. मी पुरणपोळ्या लाटत बसले. एक वाजता पुन्हा लावला. "अप्पा, ऐकू येतंय का? अप्पा!" काही नाही. दोन वेळा झाल्या होत्या. शेतावरचे गडी नवरा-बायको युगादीला, म्हणजे त्यांच्या पाडव्याला, आपल्या गावी गेलेले, हाकेला माणूस नाही. मी तडक नवऱ्याला मोबाईल केला.

अर्ध्या-पाऊण तासात तो आला. सेटचं बटण दाबून त्याने शेजारच्या मीटरचा काटा बघितला. काटा पार पलीकडे जाऊन टेकला, म्हणजे बिघाड अँटेनातच. तो गच्चीवर धावला, मी त्याच्यामागे. त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, शेंड्याला तांब्या? तोच आवाज अडवतोय. उतरव ती गुढी."

"सूर्य मावळायच्या आधी? अहो, अप्पांच्या आयुष्यासाठी उभारलीय!"

मी त्याचा हात धरला. खरंच धरला. भरदुपारी गुढी उतरवायची म्हणजे आपल्या हाताने त्यांच्या जिवाला अपशकुन करायचा, एवढंच मला कळत होतं. दोन मिनिटं गेली असतील. ती दोन मिनिटं अजून मला खातात. शेवटी त्याने हात सोडवून घेतला आणि दोरी सोडली. तांब्या फरशीवर आदळून कठड्यापर्यंत गडगडत गेला. खण ओढून काढून त्याने बांबू पुन्हा उभा केला, आणि खालच्या खोलीतून आवाज आला, बारीक, तुटक. "जावईबापू... कुणी आहे का... छातीत दुखतंय..."

आम्ही पोचलो तेव्हा अप्पा सेटजवळ जमिनीवर आडवे होते. माईक मुठीत होता. हुबळीला आणलं, वाचले. पण डॉक्टर म्हणाले, "हे सकाळपासून दुखत होतं. फार उशीर झाला." त्यानंतर अप्पा आमच्याकडेच राहिले. चार पावलं टाकली की धाप लागायची. शेत त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "काय झालं होतं हो?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "डबीत ओल गेली, अप्पा. माझा अँटेना ऐनवेळी बसला."

"सांगत होतो! चार पायांचाच बरा!"

पुढची तीन वर्षं आल्यागेल्याला हेच ऐकावं लागलं. "आमच्या जावयाच्या अँटेनाने मला जवळजवळ पोचवलंच होतं!" नवरा हसून घ्यायचा. माझा जीव जळायचा. खरं सांगून टाकते म्हटलं की तो म्हणायचा, "होगली बिडु. जाऊ दे. म्हाताऱ्याला जिंकू दे."

अप्पा गेल्यावर शेतावरचं घर आवरताना त्यांची गुणांची वही सापडली. पाडव्याचं पान उघडलं. अक्षर वेडंवाकडं झालेलं.

"आठ वाजता, शून्य. नऊ, छातीत दुखू लागलं, हाक मारली, शून्य. दहा, शून्य. पोरीने खरंच गुढी उभारली वाटतं. शेंड्याला तांब्या असणार. सूर्यास्ताला उतरवेल. तोवर दम धरायचा."

आणि खाली, आणखी वाकड्या अक्षरांत, "तिला कळता कामा नये."

मी तिथेच भुईवर बसले. रिकाम्या घरात, सेटच्या त्या धूळ खात पडलेल्या खोक्यासमोर, मोठ्याने रडत म्हणाले, "अप्पा, एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर!"